सात पाडे आणि शॉकअपची सायकल

बाळाराम,

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता शहापुरातल्या राहत्या घरी तुझा मृत्यू झाला. चहा घेऊन झाला होता, पायात चपला होत्या. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं. रविवारी जलदानविधी झाला.

जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, हे गुरुवारच्या अंकात आलं. त्या ओळी इथला वार्ताहर म्हणून मीच लिहून पाठवल्या. तू आरोग्यसेवक होतास एवढं त्यांत आहे. सायकलचा उल्लेख नाही, कारण निधनवार्तेत सायकल बसत नाही. ते इथे लिहितो आहे. तू वाचलं असतंस तर आधी पेन्सिल मागितली असतीस आणि आकडे तपासले असतेस, म्हणून आकडे जपून लिहितो.

डोळखांबच्या वरच्या अंगाला सात पाडे तुझ्याकडे होते. प्रत्येक पाड्यावर महिन्यातून दोनदा. ताप कुणाला आहे ते विचारायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, विहिरीत औषध टाकायचं, पोरांच्या लशींची आठवण द्यायची. बाहेर गेलेल्या बिऱ्हाडांची नोंद ठेवायची, कारण भात झोडून झालं की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो आणि परत येताना ताप घेऊन येतो. डांबर पहिल्या पाड्यापर्यंत होतं. पुढे बैलगाडीची चाकोरी, मग दगडगोटे, मग नुसते बांध आणि ओहोळ.

मोटारसायकल घे, असं तुला सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं होतं. "व्हाळात अडकली तं खांद्यावं घेशील का फटफटी?"

पंच्याण्णवच्या सुमारास तू कल्याणहून जाड टायरची, सरळ हँडलची सायकल आणलीस. तशा सायकली तेव्हा कॉलेजच्या पोरांकडे असायच्या. तू पंचेचाळिशीचा, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कॅरिअरला लशींचा डबा. एस.टी. स्टँडवर लोक हसले. तू खाली उतरून त्यांना टायरचे दाते बोटाने मोजून दाखवलेस. हसणाऱ्याला माहिती देणं ही तुझी सवय होती. समोरचा कंटाळून निघून जायचा आणि तू म्हणायचास, समजलं त्याला.

सायकल मजबूत होती. पण तिचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्या दोन पायांच्या मध्ये पुढचं चाक बसतं तो भाग, सरळ लोखंडाचा होता. चाक दगडावर आदळलं की धक्का चिमट्यातून हँडलात आणि हँडलातून हातात. धड हाताला ते चालून जातं.

तुझा उजवा हात सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गेला. ओहोळाच्या उतारावर चाक शेवाळावरून सरकलं आणि तू तळहातावर पडलास. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. सूज उतरली तसा तू तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सायकलवर होतास. दुखणं थांबेना म्हणून दोन महिन्यांनी कल्याणला फोटो काढला, तेव्हा कळलं की मनगटातलं एक छोटं हाड जुळलेलंच नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, या हाताला धक्के बसता कामा नयेत.

तो फोटो तू पत्र्याच्या पेटीत ठेवलास आणि आरोग्य केंद्रात कुणाला बोलला नाहीस. बोलला असतास तर फिरती काढून टेबलावर बसवलं असतं. पाड्यांवर जायला दुसरा माणूस नव्हता. तुझ्या आधीच्या माणसाने साती पाड्यांच्या नोंदी पहिल्या पाड्यावर बसून केल्या होत्या. रजिस्टर हातात येताच तुला ते समजलं होतं. महिन्याभराच्या भेटी एकाच शाईत, एकाच बैठकीतल्या अक्षरात.

हे सगळं तू मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलंस. छापू नको, असं म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही.

आधी तू हँडलावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्यास. मग टायरमधली हवा कमी केलीस. धक्का थोडा कमी झाला, पण दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेमटायच्या आणि फाटायच्या. तेव्हा टोकावड्याजवळच्या एका धाब्यामागे एक मोडकी सायकल टांगलेली होती. माळशेजला निघालेल्या शहरातल्या कुणाची तरी. सांगाडा वाकला म्हणून मालक ती तिथेच टाकून एस.टी.ने परत गेला होता. धाबेवाला तिच्यावर फडकी वाळत घालायचा. तिच्या चिमट्याला मोटारसायकलसारखे, पण बारीक, शॉकअप होते. तू हँडल धरून दाबलंस. चिमटा खाली गेला आणि वर आला. तू आणखी पाच-सहा वेळा दाबून पाहिलंस.

"याचं काय घेशील?" तू धाबेवाल्याला विचारलंस.

"मंग फडकी कुठं घालू मी?"

"दोरी बांधून देतो."

"दोरी तं बांधच. वर कोंबडा आन."

पुढल्या आठवड्यात तू पिशवीतून कोंबडा नेलास, दोरी बांधलीस आणि चिमटा घेऊन आलास.

मुरबाडला रफिकभाईंचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी चिमटा उलटसुलट पाहिला आणि बाकावर ठेवला. "बाळाराम, ये नही बैठेगा. दांडी मोटी है. तुमच्या सायकलची नळी बारीक."

दांडी म्हणजे चिमट्याच्या डोक्यातून निघून सांगाड्याच्या पुढच्या नळीतून वर हँडलापर्यंत जाणारा पाइप. तो नळीत शिरतच नव्हता. तुम्ही दोघांनी तोड काढली. जुन्या चिमट्याची दांडी कापायची आणि ती, शॉकअपची जाड दांडी काढून, त्याच्या डोक्यात बुश म्हणजे लोखंडी कडं घालून बसवायची. दांडी तीच, आटे तेच, म्हणजे नळीत बसणारच. मुरबाडच्या कारखान्यांकडच्या एका लेथवाल्याने ती प्रेसने दाबून बसवून द्यायचं कबूल केलं.

रफिकभाईंनी जुन्या चिमट्याच्या डोक्याला अगदी लागून खूण केली. टेप तुझ्या हातात होती. नळीची लांबी, वरची वाटी, खालची वाटी, छर्रे, नट. तू दोनदा मापलंस आणि रफिकभाईंना वाचायला लावून तिसऱ्यांदा मापलंस. खुणेत फरक नव्हता. रफिकभाईंनी करवत चालवली.

लेथवाल्याने कापलेली दांडी हातात घेतली आणि विचारलं, "आता ही शॉकअपच्या डोक्यात किती आत घालायची?"

 तुम्ही दांडीचा बाहेर दिसणारा भाग मापला होता. डोक्यात रुतलेला दीड इंच मापला नव्हता. तो जुन्या चिमट्यातच राहिला होता. दांडी आखूड पडली आणि जुना चिमटाही हातचा गेला.

"गलती माझी," रफिकभाई म्हणाले.

"टेप माझ्या हातात व्हती," तू म्हणालास.

"करवत कुणाच्या हातात होती?"

"मी सांगितल्याबिगर तुमी कापली असती का?"

चूक आपल्याकडे ओढण्यावरून दोन माणसांचं भांडण होताना मी तेवढं एकदाच पाहिलं आहे. लेथवाल्याने दोघांना बाहेर जाऊन भांडायला सांगितलं.

पुढचे पाच आठवडे तू सात पाडे पायी केलेस. तेवढ्या दिवसांत लेथवाल्याने, आपलं काम सांभाळून, जाड पाइपातून नवी दांडी कातली. खाली शॉकअपच्या डोक्यात घट्ट बसेल एवढी जाड, वर नळीतून जाईल एवढी बारीक. चिमटा बसला. तो जुन्यापेक्षा लांब असल्यामुळे सायकलचं तोंड अडीच बोटं वर आलं. चढावर पुढचं चाक भरकटायला लागलं. तू सीट पुढे सरकवलीस, तिचं टोक खाली केलंस, हँडल उतरवलंस, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर जाऊन आलास. एका वेळी एकच बदल. दोन केले तर कुठल्याने फरक पडला ते कळत नाही, असं तू मला समजावलंस. मी ते पुढे बातमीदारीत नव्या मुलांना सांगत आलो, तुझं नाव न घेता.

म्हसाच्या जत्रेला तू तीच सायकल घेऊन आलास. बैलबाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हँडल धरून ती दोनदा दाबून पाहिली आणि बैलाचं विचारावं तसं विचारलं, "किती दाती?"

"आजून दात आलं नाय," तू म्हणालास.

पावसाळ्यात शॉकअपच्या आतले रबराचे गोल तुकडे कुजले. तसं रबर इथे कुठेच मिळत नव्हतं. तू भातगिरणीतून झिजलेला रबरी रोल आणलास आणि त्याच्या चकत्या कापल्यास. त्या इतक्या टणक की चिमटा हलेना. मग रबरी चपलेच्या तळाच्या चकत्या घातल्यास. त्या इतक्या मऊ की चिमटा खाली बसला तो उठला नाही. शेवटी एक चकती गिरणीची, एक चपलेची, अशा आळीपाळीने रचल्यास, आणि चिमटा चालू लागला. वहिनींची एक चप्पल दोन दिवस सापडत नव्हती, तिचा तपास तिथे लागला. "दोनी नेल्या असत्या तं नव्या तरी आल्या असत्या," वहिनी म्हणाल्या.

त्या चकत्यांची तू वही ठेवली होतीस. पावसाळ्यात चपलेची एक कमी, उन्हाळ्यात एक जास्त. शेजारी रकाना: वरच्या पाड्याहून खाली आल्यावर हात किती वेळ बधिर राहिला, मिनिटांत. पहिल्या पानावर चाळीस आहे. वही भरत जाते तसा आकडा उतरत जातो आणि शेवटच्या तीन पानांवर त्या रकान्यात रेघ मारलेली आहे. वही वहिनींनी रविवारी दाखवली. मी वर आकडे जपून लिहितो म्हणालो, त्यातला हा आकडा तुझाच आहे.

आपला वाद चढाचा होता. माझं म्हणणं, शॉकअप चढावर माणसाची ताकद खातो. पायडल दाबलं की चिमटा दबतो, तेवढा जोर वाया. तू मान्य केलं नाहीस. म्हणून एकदा मी घड्याळ घेऊन आलो. जुन्या चिमट्याच्या वेळा तुझ्याकडे लिहिलेल्या होत्याच. नव्या चिमट्याने वरच्या पाड्यापर्यंत चार मिनिटं जास्त लागली, उतरताना अकरा कमी. मी म्हटलं, चार मिनिटं जास्त. तू म्हणालास, "ती तुझ्याशी बोलन्यात गेली." हा वाद मिटलेला नाही.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर मी तुझी बातमी लिहिली. बारा ओळी, चौकटीत. मुख्य विषय सायकल. गिरणीचं रबर, चपलेच्या चकत्या, सात पाडे. मनगटाचं न जुळलेलं हाड दुसऱ्या ओळीत होतं, कारण त्याशिवाय पुढच्या दहा ओळींना अर्थ नव्हता. हेतू कौतुकाचा होता. हेतू नोंदवून ठेवतो. त्याचा पुढच्या गोष्टींशी संबंध नाही.

आठवड्याभरात वरून पत्र आलं. हात जायबंदी असताना हा कर्मचारी फिरतीवर कसा? तपासणी झाली. हाड जुळलेलं नाही असं तपासणीत निघालं. तुला केंद्रात टेबल दिलं, आणि सात पाडे शेजारच्या कर्मचाऱ्याच्या हद्दीला जोडले. त्याच्याकडे आधीच नऊ होते.

वहिनी मला दारातच म्हणाल्या, "भावजी, जे दगडानं नाय झालं ते तुमच्या पेपरानं केलं. बसवलं माणसाला खुर्चीवं." त्यांनी तरीही चहा दिला.

तू तीन दिवसांनी भेटलास. कात्रण खिशात होतं, घडी नीट. मी वाट पाहत होतो. तू म्हणालास, "चकत्यांचं उलटं लिवलंस. पावसाळ्यात चपलेची कमी, जास्त नाय." एवढंच. पाहिलं तर तुझं बरोबर होतं. पुढल्या आठवड्यात तसा दोन ओळींचा खुलासा छापून आला. दुसऱ्या ओळीचा खुलासा करता येत नव्हता. ती बरोबर होती.

मी नंतर दोनदा तुझ्याकडे तेवढ्यासाठी आलो. छापण्याआधी तुला विचारायला हवं होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पहिल्या खेपेला तू अंगणात सायकल उलटी करून बसला होतास आणि मला चाक धरायला लावलंस. दुसऱ्या खेपेलाही चाकच धरलं. वाक्य राहिलं ते आता इथे लिहिलं आहे.

दोन वर्षं तू टेबलावर होतास. केंद्रातली जुनी रजिस्टरं तू पाड्यांप्रमाणे लावलीस, औषधांच्या कपाटाला यादी चिकटवलीस, कंपाउंडरच्या सायकलचा कुरकुरणारा पायडल कुणी न सांगता दुरुस्त केलास. एकदा मी विचारलं, "पाड्यांवर आता कोण जातं?" तू म्हणालास, "तुला कशाला पायजे? पुन्यांदा छापशील." मी तो टोमणा समजलो. तिकडे कुणी जात नाही आणि त्याला आपली बातमी कारण आहे, असं मी धरून चाललो. तसं मी दोन-तीन लोकांशी बोललोही आहे.

त्यानंतर केंद्रात नव्या डॉक्टर आल्या. पुढचा प्रसंग तू मला सांगितला नाहीस, त्यांनी सांगितला. तू त्यांच्याकडे फिरती परत मागितलीस. त्यांनी मनगटाचा फोटो पाहून नाही म्हटलं. तू म्हणालास, "बाई, फोटो बघितला. आता सायकल बघा." डॉक्टर कॉलेजला सायकलने जायच्या. तू त्यांना आधी कंपाउंडरची साधी सायकल दिलीस आणि केंद्रामागच्या खडीच्या रस्त्यावर वडापर्यंत जाऊन यायला सांगितलंस. मग तुझी. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काका, आत काय घातलंय?"

"गिरन आनि चप्पल."

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा तुझ्या उजव्या हातात दिला आणि दाबत राहायला सांगितलं. तू दाबत राहिलास. त्या सांगतात, पन्नासनंतर त्यांनी मोजणं सोडलं. शेरा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहिला. पुढल्या सोमवारी तू फिरतीवर होतास आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत होतास.

मधल्या काळात शॉकअपच्या सायकली शहापुरात दुकानादुकानांत लागल्या. तू एकेक दाबून पाहायचास. दुकानदाराला आतलं रबर विचारायचास, त्याला सांगता यायचं नाही, मग तू त्याला सांगायचास. नवी घेतली नाहीस. डांबर चौथ्या पाड्यापर्यंत गेलं, पुढचे तीन तसेच राहिले. तुझ्या कामाबद्दल मी पुन्हा ओळ लिहिली नाही. ते तुला जाणवलं असावं. तू एकदा एवढंच म्हणालास, "रस्त्याचं लिव. तीन पाडं ऱ्हायलेत." रस्त्याचं मी चार वेळा लिहिलं.

सोमवारी मी वरच्या पाड्यावर निरोप सांगायला गेलो. एस.टी.ने आणि पुढे पायी. बातमी तिथे आधीच पोचली होती. तू नेहमी जिथे सायकल टेकवायचास त्या घरी बुधीबाई होती. वय सत्तरीच्या पुढे. तिने पाणी दिलं आणि तू कसा गेलास ते विचारलं. चहा घेऊन झाला होता हे ऐकून तिने मान हलवली.

मी तिला विचारलं, "मध्ये दोन वर्षं बाळाराम येत नव्हता, तेव्हा कोण यायचं?"

"कंची दोन वरसं?"

मी वर्षं सांगितली. आकड्यांवरून तिला ती कळली नाहीत. तिची धाकटी नात जन्मली ते, आणि त्याच्या पुढचं, असं सांगितल्यावर कळली.

"त्योच यायचा," बुधीबाई म्हणाली. "दुसरा कोन येतंय हितं?"

तिने दार ओढून घेतलं आणि आतली बाजू दाखवली. भिंत दर दिवाळीला सारवतात, त्यामुळे भेटीची तारीख तू दाराच्या फळीवर लिहायचास. निळं बॉलपेन, तारीख, खाली "बा." एकाखाली एक, रकाने करून, फळीच्या वरपासून कडीपर्यंत. बुधीबाईला वाचता येत नाही, पण ओळी पुसू नका असं तू घरातल्यांना सांगितलं होतंस, म्हणून त्यांनी फळीला हात लावलेला नाही.

मी तारखा वहीत उतरवून घेतल्या. त्या दोन वर्षांत खंड नाही. महिन्याला दोनच्या जागी एक आहे, पावसाळ्याचे महिने धरून. उतरताना वाटेवरच्या आणखी दोन पाड्यांवरची दारं पाहिली. तिथेही त्या दोन वर्षांच्या तारखा आहेत आणि अक्षर तेच आहे. उरलेले चार पाडे पाहायचे आहेत.

घरी आल्यावर त्या वर्षांची कॅलेंडरं शोधून तीनही पाड्यांच्या तारखा ताडून पाहिल्या. सगळे रविवार आहेत.